नाल्याकाठची जमीन घेताय? आधी हे बघा

दादा, शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यालगतची जमीन स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच पालक-मेथी टाकू नका. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (pH, म्हणजे माती आंबट की खारट) कळतो. सांडपाण्यातून मातीत येणारे शिसं, कॅडमियम हे विषारी धातू कळत नाहीत. ते वेगळं सांगून, जास्त पैसे मोजूनच करून घ्यावं लागतं. नमुना घेताना गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं खुरपं नको, लाकडी काठी किंवा प्लास्टिकचा सुपला घ्या. नाल्याकडच्या चार सरींचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा. सगळी माती एकत्र कालवली की खराब पट्टा लपतो.

सगळ्यात चिवट कॅडमियम. शिसं बरंचसं धुळीतून पानांवर बसतं, भाजी नीट धुतली की कमी होतं. कॅडमियम मुळातून आत शिरतं. धुऊन, उकळून जात नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली, तो इताई-इताई आजार याचाच. सामू आम्लधर्मी असेल तर पीक ते जास्त ओढतं. कोकणातल्या जांभ्या मातीत म्हणून चुना कामाचा. काळ्या चुनखडीयुक्त रानात आणखी चुना टाकून काही उपयोग नाही.

अहवाल वाईट आलाच तर पालेभाजी, गाजर, मुळा बंद. टोमॅटो, काकडीच्या फळात धातू तुलनेनं कमी उतरतात, पण मी तरी तिथं झेंडूच लावीन. आणि शहरी कचऱ्याचं खत फुकट मिळालं तरी आधी तपासा. नियमाप्रमाणे त्यात किलोला कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.