बायकांना व्यवहार जमत नाही, हे जन्मजात असतं का?

एकदा संध्याकाळी हर्णै बंदरावर जाऊन उभे राहा. होड्या लागल्या की वाळूवर मासळीचे वाटे पडतात, लिलाव सुरू होतो, आणि कमरेला बटवा खोचलेली कोळीण तोंडी हिशेब करून मोकळी. दर्या पुरुषाचा, बाजार बाईचा. पोरी आईच्या टोपलीशेजारी बसूनच हे शिकतात.

जन्मजात फरक आहेतच, नाही कोण म्हणतंय! वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलग्यांचे स्नायू जास्त वाढतात. लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांत जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे एक्स एकच. पण व्यवहाराचं जनुक? आमच्या आजोबांना मासळीचे सुट्टे मोजायलाही आजी लागायची.