सर्वेक्षण झाले, अहवाल गावाला कधी मिळणार?

प्रश्न : आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात राहतो आणि खाडीतील मासेमारीवर आमचे घर चालते. परिसरातील एका विद्यापीठाचे विद्यार्थी गेल्या काही वर्षांत अनेकदा गावात आले. उत्पन्न किती, मुले किती शिकली, जाळ्यात कोणती मासळी येते, असे सारे त्यांनी घरोघरी लिहून घेतले आणि छायाचित्रेही काढली. पुढे त्या माहितीचे काय झाले, हे कोणीही येऊन सांगितले नाही. शेजारच्या वस्तीबाबत विद्यापीठाचे काही कर्तव्य असते का? असल्यास ते आम्ही मागू शकतो का?
— एक वाचक, दिवाळे

उत्तर : कर्तव्य निश्चित असते आणि आपण ते अवश्य मागावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालच्या आपल्या धोरणातच अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या समाजासाठी केलेले काम, हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. आपल्या अंगणात वही घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीत आपण दिलेल्या उत्तरांचाही वाटा असतो, हे गावाने लक्षात ठेवावे.

मग अहवाल परत का येत नाही? माझ्या मते याचे कारण विद्यार्थ्यांच्या बेपर्वाईत कमी आणि मोजमापाच्या पद्धतीत अधिक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे, अशी अपेक्षा असते. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या मूल्यांकनासाठी उपक्रम किती झाले आणि त्यांत विद्यार्थी किती होते, यांची पुराव्यांसह नोंद ठेवावी लागते. तास भरतात, छायाचित्रे जोडली जातात, प्रकल्पवही तपासून गुण दिले जातात आणि पुढच्या वर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन त्याच दारांशी येते. या साखळीत ‘गावाला काय मिळाले’ हा प्रश्न विचारणारी जागाच बहुधा नसते. ती जागा प्राध्यापकांनी आग्रहाने निर्माण केली पाहिजे, कारण विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातो. विभाग आणि गाव मात्र तिथेच राहतात.

नवी मुंबईत हे कर्तव्य अधिक जड आहे, असे मला मनापासून वाटते. १९७० मध्ये सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. येथील अनेक शिक्षणसंस्थांच्या इमारतीही त्याच संपादित जमिनीवर आहेत. आगरी आणि कोळी समाजाच्या शेतांवर, मिठागरांवर ज्यांचे वर्ग भरतात, त्यांनी त्या समाजाला केवळ सर्वेक्षणाचा विषय मानणे योग्य नव्हे.

यापुढे विद्यार्थी आले, तर प्रश्नावली भरण्यापूर्वी मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव आणि विभागाचे पत्र मागावे. माहिती कशासाठी हवी आहे, ती कोण पाहणार आहे आणि निष्कर्ष गावात मराठीतून कधी मांडले जातील, हे लिहून घ्यावे. उत्तर न देण्याचा अधिकारही आपल्याला आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे, अभ्यासाचा प्रश्न आपणच सुचवावा. खाडीत गाळ किती साचला आहे, जाळ्यात मासळीच्या तुलनेत प्लास्टिक किती येते, कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या आहेत, या गोष्टी आपले वडीलधारे अनुभवाने जाणतात. प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्राचे विभाग त्याच गोष्टींची वर्षभर मोजणी करू शकतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अशा खाडीच्या पाण्याची दीर्घकाळची, तारीखवार नोंद मच्छीमारांच्या सहकार्याने झाली, तर प्रदूषणाची तक्रार करताना गावाच्या हाती भक्कम आधार असेल. विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांकडून घरांची कागदपत्रे आणि वारसनोंदी यांबाबत मदत मागता येईल. गावठाणांत या कामाची गरज किती मोठी आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

झालेल्या सर्वेक्षणांसाठी कुलसचिव आणि संबंधित विभागप्रमुख यांना गावाच्या किंवा मच्छीमार संस्थेच्या वतीने पत्र लिहावे. पत्रात विद्यार्थी आल्याचा साधारण काळ नमूद करून अहवालाची प्रत आणि गावात एक बैठक मागावी. विद्यापीठ शासकीय असल्यास आणि पत्राला उत्तर न आल्यास १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. खासगी किंवा अभिमत विद्यापीठांच्या बाबतीत हा मार्ग तितका सरळ नाही. मात्र नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेला असतो. त्यातील विस्तारकार्याच्या नोंदी पाहाव्यात. तेथे आपल्या गावाचे नाव आढळल्यास पत्रात त्या नोंदीचा उल्लेख करावा. आपली माणसे ज्या उपक्रमात मोजली गेली, त्याचा तपशील मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

प्रश्न : बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र आहे. मी याच विद्यापीठाची पदवीधर असून आता निवृत्त आहे. विद्यापीठाच्या कारभारात माझ्यासारख्या ठाणेकर स्त्रीला काही म्हणता येते का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून १० सदस्य निवडले जातात. निवडणुकीपूर्वी विद्यापीठ मतदारनोंदणीची सूचना प्रसिद्ध करते. त्या मुदतीत पदवी प्रमाणपत्रासह अर्ज करून आपण मतदार होऊ शकता. असंख्य पदवीधर ही नोंदणी करीतच नाहीत, याची मला खंत वाटते. अर्थसंकल्पापासून विस्तारकार्यापर्यंतचे प्रश्न अधिसभेत मांडता येतात आणि विद्यापीठाला त्यांची उत्तरे द्यावी लागतात. पदवीधर प्रतिनिधी मते मागायला येतील, तेव्हा उपपरिसर केंद्राचे ग्रंथालय आणि सभागृह परिसरातील नागरिकांसाठी ठरावीक वेळी खुले ठेवण्याबाबत ते अधिसभेत प्रश्न विचारणार आहेत का, हे त्यांना थेट विचारावे. मतदारनोंदणीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. पदवी प्रमाणपत्राची प्रत आताच काढून ठेवावी.