पडद्यामागून : उन्हाळी शुक्रवारचे प्रश्न

१९७९ ते २०११ मी जळगावच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. सुट्टीतल्या नव्या सिनेमांबद्दल आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे धाडली आहेत. उत्तरं माझी, शुद्धलेखन मुलीचं.

प्रश्न : मे महिन्यात एकेका शुक्रवारी तीन-चार नवे सिनेमे लागतात. घरात पाच माणसं, परवडतो एकच. निवडायचा कसा? (एक गृहिणी, पाचोरा)

ताई, शुक्रवारी जाऊच नका. शुक्रवार ते रविवारची गर्दी ट्रेलरची आणि नटाच्या नावाची. सोमवारी बाराच्या खेळाला जो येतो, तो कुणाकडून तरी ऐकून आलेला असतो. आमचे मॅनेजर रविवारचा गल्ला मोजताना चेहरा कोरा ठेवायचे. सोमवारी साडेबाराला मात्र जिन्यातूनच डोअरकीपरला भुवईने विचारायचे, किती? त्याने पंजा दोनदा हलवला, म्हणजे दहाच माणसं, की मी समजायचो, गुरुवारी पोस्टर उतरणार. तुम्हाला तेच आता मोबाईलवर दिसतं. सोमवारी पाच खेळांचे दोन झाले असतील तर तो सिनेमा सोडा. तीनाचे पाच झाले असतील तर पिशवी उचला. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला, असाच भर उन्हाळ्यात लागला आणि पुढे काही गावांत त्याचे मध्यरात्रीनंतरही खेळ लावावे लागले. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. बत्तीस वर्षं फुकट सिनेमा पाहिलेला माणूस, मला तिकीट मिळालं तिसऱ्या आठवड्यात.

पाच जणांच्या हिशेबात कर धरा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के. शंभराच्या आतली खुर्ची मिळालीच तर ती एकपडदा टॉकीजमध्ये मिळेल.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. त्याला बघायचा आहे त्या सिनेमाला ‘यूए १३+’ लिहिलंय. आत सोडतील का? (एक आई, जळगाव)

सोडतील. यूएमधले ७+, १३+, १६+ हे आकडे (२०२४च्या अखेरीपासून दिसू लागलेत) आईबापांना सूचना म्हणून आहेत. नेऊ की नको ते तुम्ही ठरवायचं. नुसता ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्याला दारातूनच परत पाठवतात, तिथे डोअरकीपरशी भांडू नका. त्याची नोकरी जाते.

प्रश्न : आजोबा म्हणतात, पूर्वी नवा सिनेमा आपल्याकडे यायला महिने लागायचे आणि उन्हाळ्यात टॉकीजला जास्त गर्दी असायची. दोन्ही खरं? (कॉलेजचा विद्यार्थी, अमळनेर)

दोन्ही खरं. आजोबांना विचार, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेला तंबूतला सिनेमा पाहिलाय का. नाही म्हणाले तर खोटं बोलतायत.

सिनेमाच्या प्रिंटा, म्हणजे रिळांच्या प्रती, मोजक्याच निघायच्या. त्या आधी मुंबई-पुण्याला, मग मोठ्या गावांना, घासून घासून आमच्याकडे. आपला दरवाजा म्हणजे भुसावळ. सी. पी. बेरार सर्किटच्या (सिनेवाल्यांनी वितरणासाठी आखलेला आपला इलाखा) वितरकांची कार्यालयं तिथे, त्यांच्या संघटनेचं, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, मुख्य कार्यालयही तिथलंच. जंक्शन असल्याने पत्र्याच्या पेट्या रेल्वेने कुठेही जायच्या. गुरुवारी रात्री पेटी आली की मी सगळी रिळं हाताने फिरवून बघायचो. अंगठा आणि पहिल्या बोटात फिल्मची कड धरायची. जिथे बोटाला दात लागला तिथे आधीच्या गावाने कडेची छिद्रं फाडलेली असायची. तेवढं कापायचं, फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावाने) जोड मारायचा. एका जोडात दोन-तीन फ्रेम जायच्या. मिनिटाला नव्वद फूट फिल्म पळते, त्यामुळे कुणाला कळायचं नाही. पण दहा गावं फिरून आलेल्या प्रिंटमध्ये हिरो दारातून थेट खुर्चीत बसलेला असायचा.

आता गर्दीचं. खरं सांगू? मे महिन्यात आम्ही सिनेमा नाही, गारवा विकायचो. बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस, घरात पंखा गरम वारा फेकतोय, आणि टॉकीजमध्ये भिंतीएवढे कूलर, वाळ्याचा वास. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या. सकाळी झोके, दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, आणि तीनच्या खेळाला अख्खी बाल्कनी बायकांची. अशाच एका आखाजीला कूलरची टाकी मध्यंतरानंतर कोरडी पडली. पडद्यावर क्लायमॅक्स चाललेला. खालून ओरडा सुरू झाला, “ओ भाऊ, कूलरमा पानी टाक!” मी केबिनमध्ये दोन कार्बन मशीनच्या (कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडणारे प्रोजेक्टर) मध्ये, अंगात बनियन, डोक्यावर ओला पंचा. मला कुणी पाणी विचारलं नाही. पंधरा बादल्या ओतल्या तेव्हा लोक बसले, आणि मग एक आजी म्हणाल्या, “आता मागलं परत दाखव.”

प्रश्न : मराठी सिनेमा आमच्याकडे लागतच नाही, लागला तर दुपारी बाराला. मल्टिप्लेक्सला सक्ती आहे ना? (एक शिक्षक, शिरपूर)

सर, आहे, पण नीट वाचा. एप्रिल २०१५मध्ये सरकारने मराठी सिनेमा प्राइम टाइमला, म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत दाखवा म्हटलं. ओरड झाली आणि प्राइम टाइमची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. म्हणजे तुमचा बाराचा खेळ नियमात चोख बसतो.

मुंबईत ही फसवणूक आहे. मेमध्ये खानदेशात मला ती तशी वाटत नाही. इथे बारा ते चार बाजार झोपतो, शेतातली माणसं अकराला सावलीत येतात. आमचा सर्वांत भरलेला खेळ बाराचाच असायचा. तक्रार करायची तर जूननंतरची करा. आणि पन्नास जणांची नावं लिहून मॅनेजरला आधी भेटा, एकट्याने फोन करून उपयोग नाही. खेळांचं वेळापत्रक शुक्रवारच्या दोन-तीन दिवस आधी ठरतं.

प्रश्न : आयपीएलच्या भीतीने निर्माते उन्हाळ्यात सिनेमे अडवतात का? (एक क्रिकेटवेडा, धुळे)

काही अडवतात. सामना साडेसातला सुरू होतो, मार सहाच्या आणि नऊच्या खेळाला बसतो. दुपारला नाही. उलट २००९च्या उन्हाळ्यात नफ्याच्या वाट्यावरून निर्माते आणि मल्टिप्लेक्स भांडले, एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत मल्टिप्लेक्सला नवा मोठा हिंदी सिनेमाच मिळाला नाही. तेवढं नुकसान कुठल्या षटकाराने केलेलं नाही.

प्रश्न : काका, तुम्ही अजून नवा सिनेमा बघायला जाता का? (एक वाचक, चाळीसगाव)

जातो. शुक्रवारीच जातो, पाचोऱ्याच्या ताईंना सांगू नका. शेवटच्या रांगेत, केबिनच्या खिडकीखाली बसतो. वर आता कुणी नसतं. सिनेमा डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, त्याची किल्ली (सिनेमा उघडणारा संगणकी कोड) ठरलेल्या तारखांनाच चालते, आणि बाराच्या ठोक्याला मशीन आपोआप सुरू होतं. जोड नाही, उडी नाही. तरी दर वीस मिनिटांनी, रीळ बदलायच्या वेळेला, माझी मान मागे वळते. बायको कोपराने ढोसते, “अहो, सिनेमा पुढे चाललाय.”