हिवाळ्यापूर्वी ये

प्रिय ताई,

सलाम. मी ४३ वर्षांची, अविवाहित. मूळची श्रीरामपूर तालुक्यातली. नोकरीमुळे अठरा वर्षं पिंपरी-चिंचवडला आहे. आई माझ्याजवळच राहायची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती प्रभूकडे गेली. रोज रात्री आठला आम्ही दोघी प्रार्थनेला बसायचो. एक गीत, एक अध्याय, मग प्रार्थना. आता अध्याय वाचते, पण गीत म्हणत नाही. रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकवत नाही.

रविवार सगळ्यात वाईट. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, सुटलं की दारात सगळे हात मिळवतात, "कशी आहेस?" विचारतात आणि पंधरा मिनिटांत आपापल्या गाड्यांवर निघून जातात. मी घरी येऊन साडी बदलते आणि सोमवारची वाट बघते. चर्चच्या मंडळीत मला कामाला बोलावतात, जेवायला नाही. "तू काय, मोकळीच आहेस" म्हणून संडे स्कूल माझ्याकडे, नाताळची सजावट माझ्याकडे. मंडळीतल्याच एका बहिणीजवळ मन मोकळं केलं, तर म्हणाली, "प्रभू सोबत असताना एकटं कसं वाटतं? तुझी प्रार्थना कमी पडतेय." तेव्हापासून अपराध्यासारखं वाटतं. ऑफिसात मी एकटीच ख्रिस्ती. शेजारच्या काकू संक्रांतीला बोलावतात, मी काहीतरी सबब सांगते.

आता मंडळीतूनच एका विधुराचं स्थळ आलंय. दोन मुलं आहेत. एकटेपणा जाईल म्हणून हो म्हणू का? आणि खरंच माझा विश्वास कमी पडतोय का?

मारा

---

प्रिय मारा,

सलाम. टोपणनाव बघूनच तुझी अवस्था कळली. नवरा आणि दोन्ही मुलगे परक्या मवाब देशात पुरून बायबलमधली नामी बेथलेहेमात परतली, तेव्हा गावच्या बायका म्हणाल्या, "ही नामीच ना?" ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे कडू म्हणा, मी भरलेली गेले होते, रिकामी आले. पण हे ती बोलत होती तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती. सासूसाठी आपला देश सोडून आलेली सून बाजूला उभी, आणि ही म्हणतेय मी रिकामी आले. मी तिला दोष देत नाही. दुःख ताजं असलं की शेजारी उभं असलेलं माणूस मोजण्यात येत नाही. आणखी एक पाहा. पुढच्या सगळ्या गोष्टीत कोणीही तिला एकदाही मारा म्हणत नाही. ती नामीच राहते. मीही तुला या पत्रापुरतंच मारा म्हणणार आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यानंच तुला जास्त पोखरलंय. नाही, तुझा विश्वास कमी पडत नाहीये. माणसानं एकटं असणं बरं नाही, हे देव एदेन बागेत बोलला, आणि तेही पाप जगात यायच्या आधी. तेव्हा सगळं चांगलं होतं, देव स्वतः जवळ होता, तरीही ही एक गोष्ट त्याला बरी वाटली नाही. म्हणजे माणसाला माणूस लागतं ही आपली खोट नाही, घडणच आहे.

त्या बहिणीला उलट उत्तर देऊ नकोस. पण घरी आलीस की प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढ. त्यातली धाव संपवल्याची ओवी आपण दफनाच्या वेळी इतकी ऐकतो, की तिच्या खालचं काही वाचतच नाही. तिथं पौल कैदेत आहे. देमास त्याला सोडून गेलाय, जवळ फक्त लूक आहे. पहिल्या चौकशीच्या वेळी कोणीच माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, असं तो लिहितो. तुझी बहीण इथंच थांबली असती. पौल थांबत नाही. त्याच पत्रात तो तीमथ्याला सांगतो: लवकर ये. मार्काला सोबत आण. त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच. आणि हिवाळ्यापूर्वी ये.

प्रभू जवळ उभा असलेल्या माणसालाही तीमथ्य हवा होता आणि झगासुद्धा हवा होता. त्याला त्याची लाज वाटली नाही. आणि मागणं किती नेमकं! कोणी यायचं, काय आणायचं, कधीपर्यंत यायचं, सगळं सांगितलंय. "माझी आठवण ठेवा" असं मोघम काही नाही. तुझ्या पत्रात मला हेच सापडलं नाही. तू त्या बहिणीला "एकटं वाटतं" असं म्हणालीस. "येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला ये" असं म्हणाली नाहीस. पहिल्या वाक्यावर लोक सल्ला देतात, दुसऱ्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नगरला एका शाळेत शिकवत होते. माझे यजमान गेले तेव्हा पंधरा दिवस घरात डबे येत होते, इतके की मी ते खालच्या वॉचमनला देत होते. सोळाव्या दिवशी एकही आला नाही. लोक वाईट नव्हते, त्यांना वाटलं आता हिला शांतता हवी असेल. दोन महिने मी रुसून बसले. मग एका मैत्रिणीला फोन केला, "मंगळवारी चार वाजता ये. काही आणू नकोस, प्रार्थना घेऊ नकोस, नुसती बस." ती आली, आणि अजूनही मंगळवारी येते. आम्ही बरंचसं मंडळीच्या राजकारणावर बोलतो, जे काही फार पवित्र नसतं.

आपल्या आज्या-पणज्यांना हे मागावं लागत नव्हतं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला काम सुरू केलं, आणि पुढं जी मिशन कंपाउंडं उभी राहिली, त्यांत एक घंटा, एक विहीर आणि सगळी दारं उघडी. बायबलबाई दुपारी घरोघर जायच्या, बायकांना वाचून दाखवायच्या, आजारी माणसापाशी बसायच्या. त्यांतल्या कित्येक स्वतः विधवा होत्या. त्या कंपाउंडात भांडणं होती, चहाड्या होत्या, कोणाकडे कोणतं पत्र आलं हे पोस्टमनच्या आधी सगळ्यांना ठाऊक असायचं. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एखादी बाई रविवारी दुपारी एकटी जेवतेय, हे तिथं खपलं नसतं. आता तू सातव्या मजल्यावर, पाळकसाहेब नदीपलीकडे, आणि मंडळी म्हणजे आठवड्यातले दोन तास. मग माणसांची आठवण मुद्दाम ठेवावी लागते, आणि ठेवायला लावावीही लागते.

(पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी देणार नाही. आपल्याकडे कोणतीही बाई एकटी आहे म्हटलं की व्यासपीठावरून रमाबाई येतातच: आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन उघडलं. त्या थोरच होत्या. पण तुला सदन उघडायचं नाहीये. तुला रविवारी जेवायला सोबत हवी आहे.)

तर रविवारचं बघू. तुझ्या देवळात मागच्या बाकांवर कोण बसतं ते येत्या खेपेला नीट बघ. होस्टेलवरून आलेल्या नर्सिंगच्या मुली असतील. नगर-जालन्याकडून चाकण-भोसरीला नोकरीला आलेली पोरं असतील, ज्यांनी आठवडाभर मेसचं पातळ वरण खाल्लंय. एखाद्या आजी असतील, मुलगा दुबईत, सून फोनवर. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी घरी बोलाव. तीन-चार माणसांपुरतं मटण आण, भाकरी कोणाला येत असेल तर तिला थापायला बसव. आणि एक अट: ही कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, करायची नाही. वचन नाही, साक्ष नाही, दानार्पण तर नाहीच. मीटिंग झाली की तू यजमानीण होतेस, चहाचे कप मोजतेस, आणि सगळे गेल्यावर पुन्हा एकटी. जेवताना तूही बसायचंस. भांडी त्यांना घासू दे.

पहिल्या वेळी दोघी नाही म्हणतील, आणि तुला वाटेल कशाला हा उपद्व्याप केला. तरी पुढच्या महिन्याचा रविवार मोडू नकोस.

आता "तू मोकळीच आहेस" याबद्दल. हे वाक्य ऐकून माझं रक्त तापतं. लग्न न झालेल्या बाईचा वेळ म्हणजे मंडळीची पडीक जमीन, असं आपल्याकडे धरून चालतात. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला या वर्षी साध्या शब्दांत सांग, संडे स्कूल मी घेते, कारण ते मला आवडतं. सजावट दुसऱ्या कोणी तरी करावी. कारण देऊ नकोस. कारण दिलंस की त्यावर चर्चा होते. सजावट सोडलीस की डिसेंबरात तुला कॅरल पार्टीबरोबर फिरता येईल. आत्तापर्यंत ती मंडळी तुझ्या दारात येऊन दोन गीतं म्हणून, करंज्या खाऊन गेली असतील. या वर्षी तू त्यांच्यातली एक हो. रात्री दोन वाजता कोणाच्या तरी जिन्यात बसून शाली पांघरून चहा पिण्यात जी ओळख होते, ती वर्षभर बाकावर शेजारी बसून होत नाही.

शेजारच्या काकूंचं मात्र मला वाईट वाटलं. त्या बिचाऱ्या दरवर्षी विचारतात, म्हणजे तुझ्या सबबींनी अजून कंटाळल्या नाहीत. तुला कुंकू लावून घ्यायचं नसेल तर दारातच सांग, "काकू, मी कुंकू लावत नाही, पण तिळगूळ घ्यायला आलेय." त्या रागावणार नाहीत. अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, असं पौलच करिंथकरांना लिहितो. प्रसादाच्या बाबतीत तुझा विवेक काय सांगतो ते तू बघ, त्यावर आपल्यातच एकमत नाही आणि मीही तुझ्यासाठी ठरवणार नाही. पण रात्री अडीचला छातीत दुखलं, तर नदीपलीकडच्या पाळकसाहेबांच्या आधी काकूच दार उघडतील. त्यांच्याकडे तुझ्या घराची एक किल्ली असायला हवी. नाताळात करंज्यांचं ताट आधी त्यांच्याकडे जाऊ दे.

स्थळाबद्दल थोडक्यात लिहिते. एकटेपणा घालवायला लग्न करू नकोस. माझ्याकडे एकटेपणाची जी पत्रं येतात त्यांतली निम्म्याहून जास्त लग्न झालेल्या बायकांची असतात, आणि ती तुझ्या पत्रापेक्षा जास्त कडू असतात. पण एकटी आहेस म्हणून ते स्थळ उडवूनही लावू नकोस. त्यांना दोन-तीनदा दिवसाउजेडी भेट. एकदा मुलांसकट भेट. मुलांची आई गेल्यापासून घरात स्वयंपाक कोण करतं, हे विचार. उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बघ. त्यांना बायको हवी आहे की मुलांना सांभाळणारी, हे तुला कळेल. दुसरं असेल तर तीही पुन्हा "तू मोकळीच आहेस"चीच गोष्ट झाली. मंडळीतल्या कोणाला घाई असेल, तर ती त्यांची.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? सकाळी उठायचं कशाला असं वाटतं का? दोन आठवड्यांहून जास्त दिवस असं चाललं असेल, तर हे नुसतं एकटेपण नाही, डॉक्टरांकडे जा. आणि जगूच नये असं कधी मनात आलं, तर त्याच क्षणी टेली-मानसला फोन कर. १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा जेवू घातलं. बोलणं नंतर झालं.

राहिलं रात्री आठचं. मला वाटतं तुझ्या पत्राचं खरं दुखणं इथंच आहे, बाकीचं त्याच्याभोवती साचलंय. आई जाऊन अजून दोन वर्षंही झाली नाहीत. तू ज्याला एकटेपणा म्हणतेस, त्यातला बराचसा शोक आहे, आणि शोकाला काही औषध नाही, तो आपल्या गतीनं जातो. पण गीत सोडू नकोस. दोघींचं गीत एकटीनं म्हणता येत नाही हे मला समजतं. मी सहा महिने गायनाचं पुस्तक उघडलं नव्हतं.

आईकडच्या कोणी आहेत का गावाकडे? मावशी, मामी, आईच्या बरोबरीची कोणी, जिला तीच गीतं त्याच चालीत येतात? आज रात्री आठला तिला फोन लाव. हालहवाल नंतर. आधी सांग, मावशी, आईचं आवडतं गीत म्हणू या, पहिलं कडवं तू म्हण. दुसऱ्या कडव्याला तुझा आवाज फुटला नाही, तर तेही तिलाच म्हणू दे. उद्या पुन्हा लाव.

तुझी,
ताई