अ‍ॅलर्जीची लस गावात टोचून घ्यावी का?

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, त्याला दमा आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी कातडीवर तपासणी करून घरधुळीतला माइट (डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा) आणि गाजरगवताची अ‍ॅलर्जी सांगितली, लस सुचवली. दर आठवड्याला नागपूर परवडत नाही. गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं तर चालेल का? पंप कधी सुटेल? – एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : सुई मारणं सोपं आहे, दंडावर, कातडीखाली. प्रश्न नंतरच्या अर्ध्या तासाचा आहे. अंगावर गांधी उठणं, घसा आवळणं, धाप, बीपी उतरणं अशी गंभीर रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा याच ३० मिनिटांत येते. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन हे जीव वाचवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. या वयाला वजनानुसार ०.३ ते ०.५ मिली. एव्हिल-डेक्सा (अ‍ॅलर्जीचं आणि स्टेरॉइडचं नेहमीचं इंजेक्शन) देऊन वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांकडे मुदतीतलं अ‍ॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन आहे का, ते अर्धा तास बसवून ठेवतात का, हे आधी विचारा. नसेल तर तिथे नको. असेल तरी डोस वाढवण्याचे पहिले काही महिने तज्ज्ञांकडेच काढावेत. पुढे महिन्याला एकच इंजेक्शन असतं. ते त्यांच्या लेखी सूचनेने गावात घेता येईल.

जमत नसेल तर याच लसीच्या जिभेखालच्या थेंबांचं विचारा. पहिला डोस दवाखान्यात, नंतर रोज घरी : १-२ मिनिटं जिभेखाली धरून गिळायचे. सुरुवातीला तोंड खाजतं. तोंडात जखम असेल तर थांबवायचं. बाटली कोणतीही असो, २ ते ८ अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते.

पंप मात्र चालूच. लस ३ ते ५ वर्षांची असते, आणि दमा आटोक्यात नसताना ती द्यायचीच नसते. छातीत घरघर किंवा ताप असेल त्या दिवशी इंजेक्शन टाळा.

एक खात्री करून घ्या. तपासणीआधी सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद होत्या ना? आणि त्रास नेमका कधी होतो? कापसाची पऱ्हाटी जाळल्यावर किंवा फवारणीच्या वेळीच धाप लागत असेल, तर ही लस त्यावर काहीच करत नाही. धुराची लस नसते.

कापूस वेचणीच्या धांदलीत इंजेक्शनं चुकली तर जुना डोस तसाच पुढे घेऊ नका. किती आठवडे गेले ते सांगा, डॉक्टर डोस खाली आणतात. नवीन बाटली उघडतानाही डोस असाच खाली आणतात.