मराठी माध्यमातून आलोय, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची लेक्चर्स कळत नाहीत. कॉलेजात मोफत मदत मिळते का?

हो, मिळते, पण बहुतेक ठिकाणी ती आपणहून मागावी लागते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी वीसेक मुलांची मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षिका, असते, त्यावरून सांगते. आधी तुझा मेंटॉर कोण ते नोटीस बोर्डावर बघ आणि थेट स्टाफरूम गाठ. ‘सगळंच कळत नाही’ म्हणू नकोस. वही उघडून ज्या ओळीवर गाडी अडली तिथे पेन्सिलीने खूण करून दाखव. इंटिग्रेशनमध्ये अडलेल्या मुलाचं खरं दुखणं बऱ्याचदा अकरावीच्या त्रिकोणमितीत सापडतं आणि ते दोन-तीन बैठकांत दुरुस्त होतं. मुलांना कॉलेज काय मदत करतं, हे नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात बघितलं जातं, त्यामुळे जादा तास मागताना अजिबात संकोच नको. चार-पाच जणांनी मिळून लेखी अर्ज द्या. शिवाय एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत मोफत आहेत. मात्र ती तुझ्या विद्यापीठाच्या सिलॅबसशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, आणि पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर संज्ञा इंग्रजीतल्याच पक्क्या कर.