दुसऱ्याचा अडखळलेला शब्द

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कविता आणि कथा दोन्ही पोचल्या. दोन्ही दोनदा वाचल्या. खरं काय ते सांगा, गोड बोलू नका, असं तू लिहिलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कविता. जत्रेला गाऱ्हाणं घालताना ज्यांची जीभ अडखळली त्या म्हाताऱ्या गावकऱ्यावर तू ती केलीस. यमकं नेटकी, लय पक्की, आणि वाडीतली पोरं ती म्हणून दाखवतात असंही तू आनंदानं कळवलंस. तुला लयीचा कान आहे यात शंका नाही. पण ही कविता मला रुचली नाही.

गाऱ्हाणं तू लहानपणापासून ऐकतोयस. एकदा जरा लिहिणाऱ्याच्या कानानं ऐक. एक माणूस उभा राहतो आणि अख्ख्या गावाचं मागणं देवापुढे मांडतो. हातात कागद नसतो. शेतीभाती, गुरंढोरं, दर्यावर गेलेले, मुंबईला राहणारे चाकरमानी, कोणाचं अडलेलं लग्न, कोणाचं आजारपण, कोणाच्या घरातली भांडणं, सगळं त्याला आठवून, क्रमानं आणि चालीत म्हणायचं असतं. दर मागणीला मागून सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात आणि तेवढ्या वेळात त्याला श्वास मिळतो. मला विचारशील तर आपल्या भागात कवितेचं पहिलं शिक्षण इथेच मिळतं: कुठे लांबवायचं, कुठे तोडायचं, ऐकणाऱ्याला कुठे जागा द्यायची. सत्तरी उलटलेला माणूस थंडीत उभा राहून हे करत होता. एक नाव त्याच्या ओठावर आलं नाही. तुला तेवढंच दिसलं.

कोणावर हसूच नये असं माझं म्हणणं नाही. मानपानाच्या भांडणात देवळाला कुलूप लावायची भाषा करणारे आहेत, पाणंद अडवून आपल्या कुंपणाचा गडगा पुढे सरकवणारे आहेत. त्यांच्यावर लिही, धारदार लिही, मी पहिली वाचीन. तिथे हिंमत लागते. अडखळणाऱ्यावर लिहायला काही लागत नाही.

आता त्याच रात्रीची पुढची गोष्ट. पालखी फिरून झाल्यावर दशावतार उभा राहिला असेल. तू पहाटेपर्यंत बसला होतास, तुझ्या पत्रातच आहे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, कोणाचा प्रवेश कधी, एवढं आधी ठरतं. संवाद नट तिथल्या तिथे रचतात. दिवसा शेतात किंवा बागेत राबणारी ही माणसं रात्री स्वतःच्या हातानं रंग लावून देव नि राक्षस होतात. पुढच्या वेळी एक बघ. एखाद्या नव्या पोराला समोरच्याच्या सवालाला जवाब सुचत नाही, तो गप्प होतो. तेव्हा मुरलेला नट काय करतो? तो राजा असेल तर म्हणतो, ‘प्रधानजी, आपल्या मौनाचा अर्थ आम्ही ओळखला,’ आणि तो अर्थ स्वतःच असा सांगतो की त्या पोराला पुढचं वाक्य आपोआप सापडतं. पेटीवाला एक सूर लांबवतो, पखवाजी थाप सावरतो. पुष्कळ प्रेक्षकांना काही अडलं होतं हे कळतही नाही.

सर्जनशीलता म्हणजे काय, असं तू पत्राच्या शेवटी विचारलंयस. माझ्या पाहण्यातलं तिचं सगळ्यात चांगलं रूप हे. त्या नटाला एका क्षणात सुचतं, भाषा त्याच्या जिभेवर असते, पुराण पाठ असतं. आणि हे सगळं तो समोरच्याला उभं ठेवण्यासाठी खर्च करतो. त्याच क्षणी त्या पोराची फजिती करून टाळ्या घेणंही त्याला सहज जमलं असतं.

तुझी कथा या दृष्टीनं कवितेपेक्षा बरी आहे, पण तिच्यात दुसरा दोष आहे. बाजारातल्या मासेवालीवर तू फार दया केलीस. पहिल्या पानापासून ती थकलेली, सोसणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती काय करते ते मात्र कुठेच नाही. मी तिच्याकडून बांगडे घेते, म्हणून सांगते. ती वाटे लावते तेव्हा मोठा बांगडा कुठे नि लहान कुठे हे बघण्यासारखं असतं. भवानी कोणाच्या हातची व्हावी याबद्दल तिची पक्की मतं आहेत. शेवटची एसटी जवळ आली की भाव उतरतो, पण घासाघीस करणाऱ्या बंगलेवाल्यासाठी उतरत नाही. शाळेतल्या शिपाईमामांना मात्र ती न मागता एक मासा वर घालते आणि त्यांनी आभार मानायच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. ही बाई तुझ्या कथेत आली तर तुला दयेचं एकही विशेषण लागणार नाही. आणि तिला बोलू दे तिच्याच मालवणीत. ‘घे गो बाय, सकाळचे आसत’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी तू शालेय निबंधातली मराठी घातलीस, त्यामुळे ती उगाच परकी झाली.

कथा लिहून झाली की एक कर. ती बाई समोर बसून ऐकते आहे असं धरून मोठ्यानं वाच. जिथे तुझा आवाज आपोआप खाली जाईल ती वाक्यं पुन्हा लिही. आपल्याकडे हे नुसतं धरून चालायचंही नाही, कारण गाव लहान आहे. आज ना उद्या कोणीतरी तिला ते वाचून दाखवणारच.

पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय लेखक होता येत नाही का, या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. शिक्षणासाठी जायचं तर जरूर जा. पण वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. मुलांना शिकवता शिकवताच त्यांनी लिहिलं. १९३४ साली ‘उल्का’ ही कादंबरी आली तेव्हा ते शिरोड्यातच होते. पुढे याच माणसाला ज्ञानपीठ मिळालं. चिं. त्र्यं. खानोलकर आपल्या तळकोकणातल्या बागलांच्या राईत जन्मले आणि कुडाळात खानावळ चालवत कविता लिहीत होते. ‘जोगवा’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५९ चा. वर्ग आणि खानावळ या दोन्ही ठिकाणी दिवसभर माणसं भेटतात, त्यांच्या तऱ्हा कळतात, त्यांची बोलणी कानावर पडतात. तू वडिलांच्या दुकानात बसतोस याचं तुला वाईट वाटतं. मला तुझा हेवा वाटतो.

गल्ल्याजवळ एक वही ठेव. तिच्यात कल्पना लिहू नकोस, ऐकलेलं लिही. कोण काय म्हणालं, आणि ते म्हणताना हातानं काय करत होतं. कविता रोज सुचत नाही, हे मात्र रोज जमतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बाजार मंदावतो. लांबीची कथा तेव्हा हाती घे. पावसात माणसं ओटीवर बसून जुनं बोलतात, तेही कानावर पडतं.

आणखी एक, आणि हे तुझ्या त्या मित्राबद्दल. त्यानं तुला पहिली कविता दाखवली आणि तू तिच्यातल्या चुका मोजून दाखवल्यास, असं तू सहज लिहून गेलास. चुका खऱ्या असतील. पण पहिल्यांदा लिहिणारा माणूस कागद पुढे करतो तेव्हा त्याचे कान दुसरंच काही ऐकायला आलेले असतात. आधी तिच्यातली जी ओळ तुझ्या लक्षात राहिली ती त्याला त्याच्यासमोर म्हणून दाखव. एकही राहिली नसेल तर पुन्हा वाच, सापडते. मग एकच चूक सांग, सगळ्यात मोठी, आणि नेमक्या जागेवर बोट ठेवून सांग. बाकीच्या त्याच्या त्याला दिसतील. आजच त्याच्याकडे जा.

गाऱ्हाण्याची कविता पोरांच्या तोंडून आता काढून घेता येणार नाही. पण त्या आजोबांकडे जाऊन त्यांचं पूर्ण गाऱ्हाणं उतरवून घेता येईल. ते त्यांच्या वडिलांकडून शिकले असं ऐकते, आणि अजून कोणी ते लिहून ठेवलेलं नाही. त्यांना दुपारी झोप लागते, तेव्हा सकाळी जा. म्हणताना मध्ये थांबले तर थांबू दे, पुढचं तू सुचवू नकोस. उतरवून झालं की वही घेऊन माझ्याकडे ये. कथेवर त्याच वेळी बसू.

तुझ्या,
बाई